हनुवटीवरचा हात

समोर बसलेली मुलगी बोलता बोलता हनुवटीवर हात ठेवते. बघणाऱ्याला वाटतं, ती विचारात आहे. खरं तर काल उपटलेल्या जागी आज पुन्हा काही टोचतंय का, ते तिचं बोट चाचपत असतं. लोकलच्या बायकांच्या डब्यात खिडकी मोकळी असली तरी ती तिथे बसत नाही, कारण सकाळचं ऊन गालावर तिरपं पडतं. कुठल्या मैत्रिणीच्या घरात कुठून उजेड येतो, हेही तिला पाठ असतं. अशा मुली मला लगेच ओळखू येतात. माझाही हात तिथेच जातो.

आमच्याकडे ही काळजी फार लवकर सुरू होते. बाळाला न्हाऊ घालणारी बाई कणकेचा गोळा पाठीवरून, कपाळावरून फिरवते. मुलगी असेल तर भोवतीच्या बायका वाकून बघतात आणि म्हणतात, ‘दंडावर अजून फिरवा हो.’ जन्माची लव काही आठवड्यांत आपसूक गळते, हे त्या बाळंतिणीला कुणी सांगत नाही. पुढे डाळीचं पीठ आणि हळद, आणि मग पार्लर. तिथे दातात दोरा धरलेली ताई भुवया झाल्यावर आवाज खाली आणून विचारते, ‘अप्परलिप करू ना? आणि हनुवटी?’ तो खाली आलेला आवाज मला मायेचा वाटतो. घरात जे कधी निघत नाही ते त्या पडद्याआड निघतं. कुणाची पाळी तीन-तीन महिने येत नाही, कुणाला पाहुणे बघून गेल्यावर निरोपच आला नाही. डोळ्यांतून पाणी येत असतं आणि ते दोऱ्यामुळे, असं म्हणायची सोय असते.

पण पार्लरमध्ये केस निघतात, कारण तसंच राहतं. बाईच्या शरीरातही पुरुषी संप्रेरकं थोडी असतातच. ती वाढली, किंवा केसांची मुळं त्यांना जास्त दाद देऊ लागली, की मऊ लव राठ आणि काळी होते. बहुतेकींच्या बाबतीत मागे पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, असतं. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी 1935 साली त्याचं वर्णन केलं. जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 सालचा अंदाज होता की मूल होण्याच्या वयातल्या 8 ते 13 टक्के बायकांना ते असतं. म्हणजे कॉलेजच्या प्रत्येक वर्गात काही जणी, आणि प्रत्येकीला वाटतं, आपण एकटीच. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला सहा महिने तरी लागतात, म्हणून दुसऱ्याच महिन्यात हात टेकू नयेत. लेझर काळ्या केसावर चालतं, पांढऱ्यावर नाही. रेझर फिरवला की केस दाट येतात, ही भीती तर पूर्ण खोटी. टोक बोथट कापलं जातं म्हणून ते राठ लागतं, एवढंच. मात्र केस एकाएकी वाढले, आवाज घोगरा होऊ लागला, तर एक दिवसही थांबू नये.

औषध आहे, उपाय आहेत. बघणाऱ्यांच्या नजरेवर काय करायचं? मेक्सिकोच्या जुलिया पास्त्रानाच्या अंगभर जन्मापासून केस होते. तिचं कारण निराळं, पण नजर हीच. नवऱ्यानं जिवंतपणी तिचे खेळ लावले, आणि 1860 साली मॉस्कोत बाळंतपणानंतर ती गेली तेव्हा तिचं आणि तान्ह्या लेकराचं प्रेतही लोकांना दाखवत फिरवलं. तिला स्वतःच्या मुलखाची माती मिळाली ती 2013 साली. आणि 2024 साली उत्तर प्रदेशात दहावीला राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो आला, तेव्हा लोकांनी गुण सोडून तिच्या ओठावरचे केस बघितले. मला याचा संताप येतो, आणि तो आवरावा असं वाटत नाही.

माझी मावशी पाय मोडून दवाखान्यात होती. पाळी गेल्यानंतरही हनुवटीवर दोन-चार राठ केस येतात, ते ती इतकी वर्षं दार लावून काढत आली. आता डोळ्यांना दिसेना. डॉक्टर राउंडला यायच्या आत चिमटा आण, म्हणून तिनं नातीच्या कानात सांगितलं. नात आठवीतली. तिनं खिडकीचा पडदा सरकवला, आजीची हनुवटी वर धरली आणि काम करता करता म्हणाली, ‘आजी, मलाही येतात गं.’

मावशी दचकली. ‘आईला सांगितलंस?’

‘तिनंच सोमवारचा नंबर लावलाय डॉक्टरकडे. हलू नकोस.’