उंब्रजची घोळ आणि सूनबाईंचे प्रयोग

कराडहून साताऱ्याकडे पुणे-बंगळूर रस्त्याने निघालात की वाटेत उंब्रज लागते. बहुतेक प्रवासी ते चाफळ-पाटणचा फाटा म्हणूनच ओळखतात आणि एस.टी. पुढे गेली की विसरतात. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. पाटणच्या डोंगरातून आलेली तारळी येथेच कृष्णेला मिळते. दोन नद्यांच्या गाळाची ही जमीन, त्यामुळे नजर जाईल तिकडे ऊस. मधूनच आले, सोयाबीन, भुईमूग.

पण वाचकहो, आज मी तुम्हांला देवळात नाही, एका घराच्या परसदारी नेणार आहे.

नोकरीला लागून दोन वर्षे झाली असतील, तेव्हा याच शिवारात मी उसातील तणनाशकाचे प्रात्यक्षिक घेतले होते. टू-फोर-डी हे औषध रुंद पानांची तणे मारते. ऊस गवताच्या जातीचा, त्याला धक्का लागत नाही. खुरपायला माणूस मिळत नव्हते, म्हणून लोक खूष झाले. मेलेली तणे मी अहवालात लिहिली: घोळ, तांदुळजा, कुर्डू. औषध हळूहळू बांधावरही गेले. पंप भरलेला असला की बांध कोण सोडतो?

गेल्या श्रावणात त्याच घरी गेलो. घरच्या आक्का आता सत्तरीच्या. चहा देताना म्हणाल्या, "सायेब, तुमच्या औषधानं माझी घोळ न्हेली बघा. आता तांदुळजाबी बाजारातनं इकत आणावा लागतोय."

रागाने म्हणाल्या नाहीत, म्हणून जास्त लागले. माझ्या अहवालात जी तणे होती, ती त्यांच्या घरची भाजी होती.

त्यांच्या सूनबाईंनी यावर उपाय काढला आहे. विहिरीच्या कडेला राहिलेली घोळ मुळासकट आणून त्यांनी परसात एक वाफा केला. शेजारी पानओवा, गवती चहा, कढीपत्ता, पुदिना. न्हाणीचे पाणी अळू-केळीला आणि कच्ची खायची पाने मात्र विहिरीच्या पाण्यावर, हे त्यांनी आपणहून केलेले पाहून मला बरे वाटले. एवढ्यावर त्या थांबत नाहीत. दर आठवड्याला काहीतरी नवे करून पाहतात.

दुपारी पानात घोळीची कोशिंबीर आली. भगिनींनो, जरूर करून पाहा. घोळीचे कोवळे शेंडे दोन मुठी घ्या, तीन पाण्यांतून धुवा, कारण माती धरून असते. बारीक चिरून वाटीभर घट्ट दह्यात घाला, लसणाच्या 2 पाकळ्या ठेचून, भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट 2 चमचे, वरून जिऱ्याची फोडणी. मीठ अगदी बसताना घालावे, आधी घातले तर पाणी सुटते. घोळ मुळातच आंबट, म्हणून दही गोड असावे. सूनबाईंना हे कोणी शिकवले नाही, पण तिकडे तुर्कस्तानातही घोळ अशीच दह्या-लसणात खातात. एक मात्र सांगतो: मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी घोळ बेतानेच खावी.

पानओव्याचे थालीपीठ पहिल्या खेपेस फसले होते. तीसेक पाने घातली, तेव्हा नातू म्हणाला, "आई, हे खोकल्याचं औषध हाय." आता 2 वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, 8-10 पाने बारीक चिरून, बोटभर आले किसून, एक हिरवी मिरची, तीळ, मीठ असे प्रमाण बसले आहे. आले घरच्या रानातले. गरम थालीपिठावर लोणी असेल तर बोलायलाच नको.

ओल्या आल्याची गुळातली चटणीही त्या करतात; ती चार दिवसांतच बुरसली. पाण्याचा अंश राहिला होता. आता आले किसून आधी तव्यावर कोरडे करतात आणि मगच गुळात आटवतात.

माझ्या खात्याचे एक सांगणे यात आहेच. औषध मारलेल्या बांधावरची भाजी खुडू नका. धुतले म्हणजे जाते असे नाही, ते पानात मुरलेले असते. परसबागेजवळच्या सऱ्यांत टू-फोर-डी नकोच. वाऱ्याने उडून आलेल्या थेंबांनीही टोमॅटो, वांगी वाकडी होतात. तेवढ्या सऱ्या खुरपून घ्या.

आक्कांच्या मुलाला मी हेच म्हटले. तो थोडा वेळ गप्प राहिला. खुरपणीची मजुरी त्याला द्यायची आहे, मला नव्हे. मग म्हणाला, "घराकडच्या चार सऱ्या सोडतो, सायेब. आन् हिरीजवळचा बांध."

निघताना आक्कांनी ओल्या फडक्यात घोळीच्या काड्या गुंडाळून दिल्या. कांडी मातीत खोचली तरी धरते. माझ्या दारच्या डब्यात धरली आहे.