तारीख नसलेल्या परीक्षेचा ताण

११ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने तीन दिवसांवर आलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलली आणि त्याच दिवशी पुण्यात नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावर मुलं-मुली मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरली. ही परीक्षा मुळात ५ एप्रिल २०२० रोजी व्हायची होती; मधल्या वर्षभरात तिची तारीख पुन्हा पुन्हा बदलली होती. शेवटी ती २१ मार्चला झाली, म्हणजे ही शेवटची लांबण अवघ्या सात दिवसांची. सात दिवसांसाठी एवढा संताप कशाला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं, आजही विचारतात. मला वाटतं, या संतापाचं मूळ त्या सात दिवसांत नव्हतं, आधीच्या वर्षात होतं. सदाशिव पेठेत, नवी पेठेत कॉटबेसिसवर राहणाऱ्या, अभ्यासिका आणि मेस यांच्यामध्येच दिवस घालवणाऱ्या या मुलांची चिडचिड, घरचा फोन न उचलणं, रात्र रात्र झोप न लागणं मी जवळून पाहत आलो आहे. त्याला मी स्वभावदोष मानत नाही. दीर्घकाळ अनिश्चिततेत ठेवलेला मेंदू असाच वागतो.

धोका जाणवला की शरीर दोन टप्प्यांत जागं होतं. ॲड्रेनलिन काही सेकंदांत रक्तात येतं. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा रस्ता लांबचा: हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिथून मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथींना निरोप जातो, आणि वीस-तीस मिनिटांत त्याची पातळी शिगेला पोचते. पेपर हातात पडताना हे उपकारकच असतं. नुकसान होतं ते हा निरोप थांबेनासा झाला की, आणि तो थांबू न देण्यात अनिश्चिततेचा वाटा फार मोठा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला २०१६चा एक प्रयोग मला इथे मोलाचा वाटतो. ४५ जणांना एक संगणकी खेळ दिला होता. दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसे. झटका नक्की बसणार हे माहीत असताना लोकांना कमी ताण आला. बसण्याची आणि न बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वाधिक होता. घामाने आणि डोळ्यांच्या बाहुल्यांनीही तीच साक्ष दिली. जे कळलंय ते वाईट असलं तरी मेंदू त्याची तयारी करतो. जे कळलेलंच नाही त्याची तयारी कशी करणार? बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या चमूने उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवलं, तेव्हा स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या शाखा आखडल्या, तर भीती हाताळणाऱ्या अमिग्डालामधल्या शाखा वाढल्या. अशा ताणानंतर एकवीस दिवस विश्रांती दिल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डाला मात्र पूर्ववत झाला नाही. उंदरावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी जाणतो. पण ‘परीक्षा संपली, आता तरी हसा’ असं मुलांना सांगणाऱ्यांनी हा निष्कर्ष एकदा मनात घोळवावा.

इथे हमखास सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं नाव निघतं. ‘सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं’ हे वाक्य आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. या समजुतीच्या इतिहासात एक धागा मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला. याच वनस्पतीतलं रिसर्पिन मेंदूतलं सेरोटोनिन उपसून टाकतं हे पुढे कळलं, आणि ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात हेही दिसलं. त्यातून तुटवड्याची कल्पना बळावली. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात या साध्या समीकरणाला सातत्यपूर्ण पुरावा सापडला नाही. याचा अर्थ नैराश्यावरच्या गोळ्या निरुपयोगी, असा नाही. त्यांनी अनेकांना सावरलं आहे आणि डॉक्टरांना न विचारता त्या बंद करणं धोक्याचं आहे. अर्थ एवढाच की सेरोटोनिन म्हणजे टाकीतली पाण्याची पातळी नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या चमूने २०१९ साली दाखवलं, की सेरोटोनिनमुळे चेतापेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारे घटक, वाढतात आणि त्या पेशी ताणापुढे अधिक तग धरतात. मला हे चित्र जास्त पटतं: तगून राहण्याच्या ताकदीत हात असलेलं रसायन. उलट बाजूने, ताणाची संप्रेरकं दीर्घकाळ चढी राहिली तर सेरोटोनिनचा निरोप घेणारी यंत्रणाही बदलते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून गोळी देऊन मुलाला पुन्हा त्याच अधांतरी वर्षात ढकललं, तर आपण अर्धाच उपचार केला असं मी म्हणेन.

यावर सर्वांत खरा आक्षेप असा, की या मुलांच्या आईबापांनी याहून मोठी अनिश्चितता सोसली. पाऊस कधी वेळापत्रक देतो? खरं आहे. पण त्यांनी ती फुकट सोसली नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्या हा त्याच सोसण्याचा हिशेब आहे. आणि पावसाची तारीख कुणाच्या हातात नसते, परीक्षेची असते. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असताना बहुतेकांच्या वाट्याला अपयश येणार, हेही मला मान्य आहे. माझी तक्रार अपयशाबद्दल नाही. निश्चित नकार मन पचवू शकतं. दुसरा आक्षेप जबाबदारीचा: सगळं संप्रेरकांवर ढकललं तर माणूस उरतो कुठे? संप्रेरकं वागणं ठरवून टाकत नाहीत, झुकाव देतात, आणि सोबत असली की तो झुकाव कमी होतो. संशोधक रॉबर्ट सापोल्स्की यांना पूर्व आफ्रिकेतल्या बबून माकडांत जवळची सोबत असलेल्या नरांमध्ये ताणाच्या संप्रेरकाची पातळी कमी आढळली. मेसच्या टेबलावरचे चार मित्र म्हणूनच मला अभ्यासाइतके महत्त्वाचे वाटतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा तेच घडलं. २५ तारखेची पूर्वपरीक्षा बँक भरतीच्या परीक्षेच्याच दिवशी आली, ती पुढे ढकला म्हणून शास्त्री रस्त्यावर आंदोलन झालं, ऐन तोंडावर परीक्षा पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. तिथे मुलांची मागणी योग्यच होती. चूक होती ती आधीच न पाहिलेल्या तारखेची. आयोगाने जाहीर केलेली तारीख पाळावी, आणि बदलावीच लागली तर त्याच दिवशी नवी तारीख द्यावी. आणि पेठांमधल्या अभ्यासिका चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: दारावर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा. तिथे चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येतं.