थायलंडांतील दीर्घ मुक्काम : मुक्तद्वार कीं व्हिसा ?

परदेशप्रवास म्हणजे विलायतेचा, हा समज आतां मागें पडला आहे. मुलें मार्गी लागलीं, नोकरींतून निवृत्ति मिळाली, प्रकृति अजून ठीक आहे, अशा वयांतलीं पुष्कळ जोडपीं हल्लीं आठ दिवसांच्या धांवत्या सहलीऐवजीं एकाच देशांत दोन-तीन महिने निवांत राहण्याचा विचार करूं लागलीं आहेत. मुंबईहून चार-साडेचार तासांच्या विमानप्रवासावर असलेलें थायलंड, म्हणजे पूर्वींचा सयाम, या कामीं सोयीचें. परंतु मुक्काम लांबला कीं एक प्रश्न तिकिटाच्याही आधीं सोडवावा लागतो : त्या देशानें दिलेल्या मुक्तद्वाराचा लाभ घ्यावा, कीं घरून निघतांनाच रीतसर प्रवासी व्हिसा घ्यावा ?

देश तसा आपल्याला अगदींच परका नाहीं. बँकॉकच्या विमानतळाचें नांवच सुवर्णभूमि, आणि त्याच्या प्रस्थानदालनांत समुद्रमंथनाचें भव्य शिल्प मांडलेलें आहे. १७६७ पर्यंत राजधानी असलेली अयुथ्या नगरी अयोध्येचें नांव मिरवते. बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारांतील वाट फ्रा केओ या देवळाच्या ओवऱ्यांत रामकियेन, म्हणजे तेथील रामायण, भिंतीभर रंगविलेलें आहे. जुन्या शहरांत १७८४ सालचें ‘देवस्थान’ असून तेथील ब्राह्मण पुरोहित राजदरबारचे विधि आजही चालवितात. जवळच्या प्रचंड झोपाळ्याचे तांबडे खांब अजून उभे आहेत. त्यावरील झोक्यांचा उत्सव मात्र १९३५ मध्यें बंद पडला. असा देश धांवत पाहून फारसें हातीं लागत नाहीं. तेथें कांहीं काळ राहावेंच लागतें.

राहण्याच्या मुदतीचे नियम मात्र भराभर बदलत आले आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरांत भारतीय प्रवाशाला विमानतळावर २,००० बात भरून पंधरा दिवसांचा व्हिसा मिळे. १० नोव्हेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसाच लागेनासा झाला, आणि १५ जुलै २०२४ पासून ती मुदत साठ दिवसांची झाली. एका वर्षाच्या आंत पंधराचे साठ झाले, ही गोष्ट आनंदाची खरी. पण सवलत हा पाहुण्याचा हक्क नसून यजमानाची मर्जी असते. एका अधिसूचनेनें जें मिळालें तें दुसरीनें आटूंही शकतें. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीं वकिलातीची ताजी सूचना स्वतः वाचावी. शेजाऱ्याचा गतवर्षींचा अनुभव प्रमाण मानूं नये.

आमच्या घरीं २०२४ च्या दिवाळींत या विषयाचा चांगलाच खल झाला. थोरले बंधु व वहिनी ५ जानेवारी २०२५ ला बँकॉकला उतरणार होतीं. वहिनींना तेथील नववर्षाचा ‘सोंगक्रान’ पाहावयाचा होता. हें नांव आपल्या संक्रांतीचेंच रूप. सूर्याच्या मेषप्रवेशाचा हा सण १३ ते १५ एप्रिलला साजरा होतो. पुतण्याचें म्हणणें असें कीं, साठ दिवस फुकट मिळतात, वर तीस दिवस वाढवून मिळतात, मग व्हिसाचा खर्च कशाला ? युक्तिवाद बिनतोड वाटला; पण दिनदर्शिका घेऊन दिवस मोजतांच अडचण उघड झाली. उतरण्याचा दिवस हाच पहिला दिवस धरतात. ५ जानेवारीपासून साठावा दिवस ५ मार्च. इमिग्रेशनच्या कचेरींत १,९०० बात भरून तीस दिवस वाढविले तरी मुदत ४ एप्रिलला संपते. सण नऊ दिवस पुढेंच राहतो ! साधा एकप्रवेशी व्हिसा काढावा तर त्याचाही हिशेब साठ आणि तीस असाच. म्हणजे त्या वर्षीं साध्या व्हिसानें दिवस वाढत नव्हते. सवलत तीस दिवसांची असेल, तर मात्र हाच व्हिसा दुप्पट दिवस देतो.

एका प्रवासी दलालानें सोपा उपाय सुचविला : सीमेपलीकडे जाऊन दुसऱ्या दिवशीं परत यावें, कीं पुन्हां साठ दिवस सुरू. तसें पुष्कळजण करीतही. पण जमिनीच्या वाटेनें असा विनाव्हिसा प्रवेश वर्षांत दोनदांच देण्याचा नियम २०१६ च्या अखेरीस झाला, आणि वारंवार ये-जा करणाऱ्याला परत पाठविण्याचा अधिकार दारावरील अधिकाऱ्याला असतोच. दादा म्हणाले, “सत्तराव्या वर्षीं दाराशीं गयावया करण्यापेक्षां कागद खिशांत असलेला बरा.” त्यांनीं अनेकप्रवेशी व्हिसा काढला. तो सहा महिने चालतो व त्या अवधींत प्रत्येक प्रवेशाला साठ दिवस मिळतात. शुल्क साध्या व्हिसाच्या सुमारें पांचपट, आणि बँकेचे उतारे वगैरे कागदही अधिक. पुतण्याला तो खर्च पटला नाहीं.

जानेवारी त्यांनीं चियांग माईला काढला. १२९६ मध्यें वसलेलें हें उत्तरेचें शहर, भोंवतालीं डोंगर, वर दोई सुतेपचा सोनेरी स्तूप, आणि सकाळची गोड थंडी. परंतु फेब्रुवारीपासून तेथें शेतें व रानें जाळल्याचा धूर कोंडूं लागतो. दादांना दम्याचा विकार असल्यामुळें तीं दोघें वेळींच हुआ हिन या समुद्रकांठच्या गांवीं गेलीं. पुढें चार दिवस मलेशियांतील पेनांग पाहून—तेथें भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवस व्हिसा लागत नव्हता—२७ फेब्रुवारीला तीं परतलीं, आणि शिक्क्यावर तारीख पडली २७ एप्रिलची. २८ मार्चला म्यानमारांतील भूकंपानें बँकॉकही हादरलें. तेव्हां तीं हुआ हिनलाच होतीं. तरी फोन लागेपर्यंत घरांत कोणी जेवलें नाहीं. मुदत ४ एप्रिलची असती तर त्या गोंधळांतच निघण्याची घाई करावी लागली असती. तीं थांबलीं. सोंगक्रानच्या दिवशीं अयुथ्येंत घरमालकिणीच्या मुलांनीं वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओतलें. त्यांत दादा-वहिनींचेही हात होते.

आतां निष्कर्ष. मुक्काम सवलतीच्या मुदतींत निश्चित बसत असेल, तर मुक्तद्वारानेंच जावें. उगाच व्हिसा काढण्यांत शहाणपण नाहीं. मुदत थोडक्यांत हुकत असेल, तर वाढीवर विसंबण्यापूर्वीं तारखा मोजाव्या. दोन महिने आणि साठ दिवस हे नेहमीं सारखे नसतात. शेजारचे देश पाहून पुन्हां यावयाचें असेल, तर अनेकप्रवेशी व्हिसाच बरा. त्याचा अर्ज १ जानेवारी २०२५ पासून घरबसल्या ऑनलाइन करतां येऊं लागला. १ मेपासून आगमनपत्रिकाही आधीं ऑनलाइन भरणें सर्वांना आवश्यक झालें. व्हिसा असला तरी तींतून सुटका नाहीं. मुदत ओलांडली तर दिवसाला ५०० बात दंड, आणि पासपोर्टावरचा डाग निराळा. पुतण्यानें मात्र पुढच्या हिवाळ्यासाठीं तीन आठवड्यांचा बेत आंखला, आणि तो विनाव्हिसा ! तेंही बरोबरच होतें.