भोपळा आणि मत्स्यपुच्छ

समुद्रकाठच्या माणसाला पाण्यात हळूहळू उतरता येते. घोटा, गुडघा, कंबर अशी पाण्याची ओळख वाढत जाते आणि भीती वाटली तर चार पावले मागे फिरण्याची सोय असते. आमच्या बीड जिल्ह्यात ही सोय नाही. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा या आमच्या नद्या बालाघाटच्या डोंगरातून येतात आणि उन्हाळा लागला की बहुतेक ठिकाणी वाळूच उरते. गोदावरी आहे, पण ती जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. बाकी सर्वांच्या वाट्याला येते ती विहीर, आणि विहिरीला उथळ बाजू नसते. शेवटची पायरी सोडली की दोन पुरुष पाणी. म्हणून आमच्याकडे पोहणे शिकविण्याचा आरंभ पाण्यापासून होत नसे. तो वेलावरच्या भोपळ्यापासून होई.

आमच्या घरी हे खाते तात्यांकडे होते. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले बंधू. विहिरीवर पोहणे हा त्या काळी मुलग्यांचा खेळ समजला जाई; मुलीने काठावर कपडे धुवावेत, पाणी शेंदावे आणि घरी जावे. तात्यांचा हिशेब मात्र निराळा होता. ते म्हणत, “दिवसातून चार वेळा विहिरीवर जायचं पोरींनी, अन् पोहायला शिकायचं पोरांनी? पाय कुणाचा घसरणार?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्यामुळे आम्ही तिघी बहिणी पोहायला शिकलो.

भोपळा निवडणे हे तात्यांच्या मते सोयरीक जुळविण्याइतके जोखमीचे काम होते. भाजीचा दुध्या त्यांना चालत नसे, कारण त्याची साल पातळ असते. त्यांना हवा असे तो जाड सालीचा कडू भोपळा. तो वेलावरच राखायचा, देठ वाळून काष्ठवत् होईपर्यंत हात लावायचा नाही. मग उतरवून सावलीत टांगायचा. महिने जात, रंग हिरव्याचा पिवळट आणि पिवळटाचा तपकिरी होई, आणि एके दिवशी हलविल्यावर आतल्या बिया खुळखुळत. तेवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. बोटाच्या पेराने सगळीकडे टिचक्या मारून ते आवाज ऐकत. एखाद्या जागी आवाज बद्द आला की भोपळा बाजूला. शेवटी तो हौदात दाबून धरीत आणि बुडबुडा येतो का ते पाहत. याच भोपळ्याचे मोठे भाऊबंद पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतात आणि मिरजेला जाऊन तंबोरे होतात. तेथले कारागीरही टिचकीचा आवाज ऐकतात म्हणे. तात्यांना गाण्याचा गंध नव्हता. पण कान होता.

त्यापुढचा प्रश्न म्हणजे कोणत्या मुलाला कोणता भोपळा. मोठा भोपळा अधिक सुरक्षित असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात लहान अंगाच्या मुलाला मोठा भोपळा पाठीवर बांधला, तर तो त्याला पालथा पाडून तोंड पाण्यात घालतो. कमरेला खाली बांधला तर कंबर वर येते आणि डोके खाली जाते. म्हणून बारीक मुलाला दोन लहान भोपळे, खांद्यांच्या फऱ्यांलगत, उंचावर. बांधायला सुतळी नाही, कारण ती ओली झाली की काचते. जुन्या धोतराची पट्टी. ही पट्टी बांधताना तात्या आम्हाला श्वास भरून छाती फुगवायला लावीत आणि मग गाठ मारीत, म्हणजे पाण्यात दम घेताना ती आवळू नये.

हंगाम संपला की भोपळ्यांना जवसाच्या तेलाचा हात फिरवून ते चुलीच्या वर आढ्याला शिंकाळ्यात टांगले जात. धुरामुळे कीड लागत नाही, आणि उंदरांना बियांचा वास लागला तरी शिंकाळ्यापर्यंत पोहोचता येत नाही. उन्हात ठेवलेला भोपळा तडकतो, जमिनीवर ठेवलेला ओल धरतो. भोपळ्यावर बसलेल्या माझ्या धाकट्या भावाला एकदा मिळालेला धपाटा मला अजून आठवतो. माझा भोपळा मी ओळखत असे. त्याच्या एका अंगाला वेलावर असतानाच दगडाला टेकून पडलेला चपटा डाग होता, आणि तो डाग आतल्या बाजूला यावा असा माझा आग्रह असे. पहिल्या वर्षी दोन भोपळे, दुसऱ्या वर्षी एक, मग तोही पाठीवर न बांधता दोरीने मागे सोडलेला. तो माझ्यामागून डुलत येई. एके दिवशी वळून पाहिले, तर दोरी तात्यांच्या हातात आणि भोपळा काठावर होता.

मराठीत आपण दोन गोष्टींची ‘सांगड’ घालतो. भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून नदी उतरायचे साधन म्हणजे सांगड, हे शब्द वापरताना आपल्या ध्यानीमनीही नसते. असो.

भोपळा सुटला की मुले बुडी मारायला लागत. शेंदताना दोर तुटून कळशी तळाला गेली की गळ टाकायचा. गळाला लागली नाही तर बुडी. येथे भोपळ्याचा काही उपयोग नाही, उलट अडथळाच. त्याचा धर्म वर ठेवण्याचा. खाली जाताना कान ठणकू लागतात, हिरवा उजेड काळा होतो, आणि हाताला गाळ लागला की त्यातली मूठभर माती पुरावा म्हणून वर आणायची. काठावर कोणी उभे असल्याशिवाय बुडी घ्यायची नाही, हा तात्यांचा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता.

हे सारे आठवण्याचे कारण माझी पुतणी. ती कोकणात मालवणकडे समुद्रात पर्यटकांना बुड्या शिकविते, आणि स्वतः एका श्वासात खोल जाण्याचा, ज्याला फ्रीडायव्हिंग म्हणतात त्याचा, सराव करते. एका सुटीत ती पाठीवर एक प्रचंड चपटी पिशवी घेऊन घरी आली. आत मोनोफिन होते. दोन्ही पाय एकत्र घालायचे रबरी जोडे आणि त्यांना जोडलेले, माशाच्या शेपटीसारखे, हाताएवढे रुंद काचतंतूंचे पाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत संघात जलद पोहण्याच्या शर्यतींसाठी हे साधन घडले. पुढे खोल बुडी घेणाऱ्यांनी ते आपलेसे केले. पाय हलवायचे नाहीत, छातीपासून लाट काढायची आणि ती पात्याच्या टोकापर्यंत जाऊ द्यायची.

मी सहज विचारले, “हेच का घेतलंस?” त्यावर तिने जे सांगितले ते ऐकताना मला हसू आवरेना. “आत्या, सगळ्यांत कडक पातं म्हणजे सगळ्यांत चांगलं, असं लोकांना वाटतं. पण माझ्या अंगात जेवढी ताकद, तेवढंच कडक पातं मला चालतं. जास्त कडक घेतलं तर मांड्या लवकर थकतात, अन् थकलेले स्नायू श्वास खातात.” जोडा सैल असला तर जोर वाया जातो, घट्ट असला तर पाय बधिर होतो आणि पेटका येतो, म्हणून ती ऐन पाण्यात, मोजे घालून, अर्धा तास घालून पाहिल्याशिवाय जोडा घेत नाही. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचे, सावलीत वाळवायचे, आडवे ठेवायचे, पात्यावर भार पडू द्यायचा नाही. माझ्या भावाने नकळत त्यावर ज्वारीचे पोते टेकविले तेव्हा ती अशी ओरडली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. तडा गेला का ते पाहण्यासाठी तिने पात्यावर टिचक्या मारल्या आणि कान देऊन ऐकले. तात्यांना तिने कधी पाहिलेले नव्हते.

आमच्या विहिरीत ते वापरता येईना. एका हेलकाव्यात समोरची भिंत. त्यावर आमच्या दोघींचे बोलणे मात्र रात्री उशिरापर्यंत चालले. दहा मीटरांवर दाब दुप्पट होतो, छातीतील हवा निम्म्या जागेत मावते, आणि त्याच्याही खाली शरीर आपोआप बुडू लागते, असे तिने सांगितले. मग ती नताल्या मोल्चानोवा या रशियन स्त्रीविषयी बोलली. वजन न बदलता, स्वतःच्या बळावर एका श्वासात शंभर मीटरांपलीकडे गेलेली ती पहिली स्त्री. २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ तिने बुडी घेतली, ती पुन्हा वर आली नाही. जगात तिच्याहून जाणकार कोणी नव्हते. पुतणी म्हणाली, “म्हणून आम्ही एकटं कधीच जात नाही, आत्या. वर कुणीतरी असतंच.”

आता आमच्याकडचे पाणी बदलले आहे. २०१६ च्या दुष्काळात केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी आमच्या विहिरीच्या तळाशी मी उभी राहिले होते. ज्या गाळाची मूठ एकेकाळी मोठ्या अभिमानाने वर आणली तो भेगाळलेला होता. त्याच वर्षी राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. शेततळ्यांनी फळबागा वाचविल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. पण प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याच्या उतारावर शेवाळ धरते. विहिरीत कपार असते, पायरी असते, हाताला दगड लागतो; तेथे हात ठेवावा तेथून तो निसटतो. पोहता येणारा माणूसही काठाशी येऊन दमतो, मग न येणाऱ्याचे काय? मराठवाड्यात शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आई-वडील ऊसतोडीवर, मुले आजीपाशी, आणि दुपारचे ऊन. विहिरी आटल्या तशी शिकविण्याची रीतही आटली. खोल पाणी मात्र नव्या रूपाने दारात आले.

पुतणीने जाण्यापूर्वी आमच्या आणि शेजारच्या तळ्याच्या चारही बाजूंना, पक्क्या खुंट्यांना, गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडले. दर हातावर एक गाठ. शेजारी म्हणाले, “प्लॅस्टिक घासेल.” ती म्हणाली, “काका, घासू द्या.” दोर अजून आहेत.

भोपळ्याचे बी मला मिळता मिळत नव्हते. गावात कोणी कडू भोपळा लावीत नाही. शेवटी अंबाजोगाईच्या बाजूच्या एका म्हातारीकडे मिळाले. रबरी ट्यूब मिळते, फुगवायची तरंगपट्टीही मिळते, आणि ती वापरायला माझी काही हरकत नाही; परंतु ती बाजारातून तयार येते आणि मुलाच्या अंगाला लावून पाहायची कोणाला आठवण राहत नाही. यंदा कुंपणावरच्या वेलाला सात फळे धरली. दोन किडली, एकाचा देठ वाऱ्याने मोडला. उरलेल्या चारांतील दोन लहान आणि सारख्या आकाराची आहेत. शेजारच्या घरची नात आठ वर्षांची आहे. परवा तिला दुकानातल्या काट्यावर उभे केले, २२ किलो भरली. तिला ती दोन होतील. अजून बिया खुळखुळत नाहीत. फाल्गुनापर्यंत थांबावे लागेल.