साकू

त्या रविवारी माझ्या लेकीने एक शब्द चार वेळा उच्चारला. चारही वेळा मी तो ऐकला, आणि एकदाही तिचं म्हणणं मानलं नाही.

ती साडेतीन वर्षांची आहे. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण हुबळीतल्या खेळगटात जायला लागल्यापासून तिच्या तोंडी कन्नड शब्द आधी येतात. 'पुरे'ला ती 'साकू' म्हणते. मला ते खटकायचं. घरात मराठी टिकली पाहिजे असं मनापासून वाटतं, म्हणून 'साकू' ऐकलं की मी लगेच म्हणायचो, "साकू नाही राजा, पुरे म्हण."

एप्रिलचा शेवट होता. सांगलीला माझ्या आईला नातीचे फोटो हवे होते, आणि मी एका दिवसात दोन्ही शहरं दाखवायचा बेत केला: हुबळी स्टेशनचा लांब फलाट, गदग रोडचं रेल्वे म्युझियम, उणकलचा तलाव, मग चिगरी बसने धारवाड, साधनकेरी आणि शेवटी पेढे. आदल्या रात्री बायकोने विचारलं, "हिची दुपारची झोप कुठे बसवणार आहेस?" मी म्हणालो, "बसमध्ये झोपेल की." आज वाटतं, त्या प्रश्नाशीच मी थांबायला हवं होतं.

हुबळीचा तो फलाट १,५०७ मीटर लांब. १२ मार्च २०२३ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि जगात सर्वांत लांब म्हणून गोरखपूरचा १,३६६ मीटरचा फलाट मागे पडला. मला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत लेकीचा हात धरून चालायचा होता. दीड किलोमीटर जायचं आणि तितकंच परत यायचं. साडेतीन वर्षांच्या पायांना हे किती होतं, हा विचार मी केलाच नाही.

थोडं चालल्यावर ती खाली बसली. फलाटाच्या कडेजवळ दृष्टिहीनांसाठी पिवळ्या फरश्यांचा पट्टा असतो, त्यावर गोल गोल उंचवटे. ती मागे सरकून, एकेका उंचवट्यावर बोट टेकवत म्हणत होती, "इडली. इडली. ही पण इडली." किती वेळ झाला असेल, पाच मिनिटं? तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं, त्यासाठीच तर आम्ही घराबाहेर पडलो होतो. मी मात्र तिला दंडाला धरून उठवलं. "चल, अजून अर्धा पण नाही झाला." ती म्हणाली, "साकू." मी म्हणालो, "पुरे म्हण." आणि चालायला लावलं. परतताना कडेवर घेतली, तेव्हा तिचं डोकं उन्हाने तापलं होतं.

म्युझियममध्ये दुसऱ्यांदा 'साकू' झालं, उणकलच्या काठावर तिसऱ्यांदा. जेवण उशिरा झालं, तेही धड नाही. तिची जास्तीची चड्डी-फ्रॉक मी 'ओझं नको' म्हणून घरीच ठेवली होती. हा निर्णय सर्वस्वी माझाच होता.

चिगरी म्हणजे हरीण. रस्त्याच्या मधोमध स्वतःची मार्गिका असलेली ही बस हुबळी-धारवाडचं अंतर खरंच हरणासारखं कापते, आणि लेकीला तिची आपोआप उघडणारी दारं फार आवडतात. पण त्या दिवशी तिने दारांकडे पाहिलंही नाही. नवलूरच्या आसपास तिने माझा शर्ट ओढला आणि कसंबसं "साकू" म्हणाली. मी फोनवर फोटो चाळत होतो. पुढच्या क्षणी तिची शू झाली, सीटवर, माझ्या पँटवर. आणि मी ओरडलो. भर बसमध्ये, लहान मुलीवर, तोंडाला येईल ते. ती रडली नाही. ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिली.

शेजारच्या सीटवरच्या आजींनी पिशवीतून टॉवेल काढून दिला आणि धारवाडी कन्नडात म्हणाल्या, "सण्ण कूसु ऐत्री, बैब्याड्री." लहान बाळ आहे हो, रागावू नका. कन्नड मला नीट कळतं. पण त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

एवढं होऊनही मी साधनकेरीला गेलोच. बायको म्हणाली, "आता घरी जाऊ या." मी म्हणालो, "आलोच आहोत तर." तिथे कवी बेंद्रे राहायचे. घरची भाषा मराठी, आणि कविता कन्नडमध्ये लिहून १९७३ चं ज्ञानपीठ मिळवलेले. ही गोष्ट मी पाहुण्यांना नेहमी अभिमानाने सांगतो. त्या दिवशी त्यांच्या घरासमोर लेक खांद्यावर झोपलेली होती, टॉवेलात गुंडाळलेली. दिवसभर तिला एका कन्नड शब्दासाठी मी अडवत राहिलो होतो, आणि त्या नादात ती काय मागते आहे हेच ऐकलं नव्हतं. तिथून पुढे माझ्याने बोलवेना. पेढे न घेता परतलो.

आईला पाठवायला चौदा फोटो होते. त्यातल्या एकाच फोटोत लेक हसते आहे. तो बायकोने काढलेला, पिवळ्या फरशीवर बोट टेकवतानाचा.

रात्री मी तिला दहीभात भरवत होतो. चार घास झाले. पाचवा पुढे केला तशी ती थांबली, माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा मागे सरली, आणि हळूच म्हणाली, "पुरे."

मी वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, "साकू म्हटलंस तरी चालेल गं."

ती काहीच बोलली नाही. उठून आईच्या मांडीवर जाऊन बसली.