माझी पुस्तक

सहावीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘‘टीचर, माझी पुस्तक घरी राहिली.’’ सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. स्वतः उर्दूतून शिकूनही त्याने ती ‘माझी’ कुठून आणली, हे आमच्या ध्यानात आले नाही. पुढे त्याने मराठीच्या तासाला कधी हात वर केला नाही.

नंतर मियांच्या जहाज कंपनीतल्या नोकरीमुळे पनवेल सोडून दोन वर्षे फ्रान्सला, मार्सेल बंदरात राहावे लागले. बी.एड. झालेली बाई बेकरीत बोट दाखवून पाव मागू लागली! शेवटी एका संस्थेच्या मोफत फ्रेंच वर्गात नाव घातले. सोबत अल्जीरियाच्या, कोमोरोस बेटांच्या बाया. शिकवायला एक सेवानिवृत्त बाई.

उच्चार फार जड गेले नाहीत. फ्रेंच ‘र’ घशातून निघतो, जवळजवळ आपल्या गैनसारखा. दुकानाला ‘मागाझँ’ म्हणतात, तो अरबी ‘मखजन’चाच वंशज. डॉक्टरला बोलीत ‘तूबीब’ म्हणतात, म्हणजे आपला तबीबच. आकडे मात्र छळत. 80 म्हणजे ‘चार वीस’ आणि 97 म्हणजे ‘चार वीस सतरा’. मग नानी आठवल्या. त्या अंडी विसांवर मोजत, ‘चार विसा’ म्हणत. आम्ही शिकलेल्या पोरी त्यांना हसायचो. फ्रेंच आकडे आम्ही नानींच्या आवाजात पाठ केले.

खरी फजिती लिंगाने केली. पुस्तकाला फ्रेंचमध्ये ‘लीव्ह्र’ म्हणतात, पण तो शब्द पुल्लिंगी असेल तरच. स्त्रीलिंगी झाला की अर्धा किलो! एके दिवशी आम्ही उभे राहून सांगितले, ‘‘माझी लीव्ह्र घरी राहिली.’’ मागून कुणी विचारले, ‘‘अर्धा किलो काय, टोमॅटो?’’ वर्ग हसला. कान तापले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘तुमच्या भाषेत पुस्तक स्त्रीलिंगी आहे का?’’

उर्दूत किताब स्त्रीलिंगीच. तेव्हा कुठे सहावीचा तो मुलगा डोळ्यांपुढे आला.

त्याच दिवसांत वर्गातल्या एका अल्जीरियन खालांच्या घरी कुरआनचा फ्रेंच तर्जुमा पाहिला. तर्जुमा करणारे मुहम्मद हमीदुल्लाह, 1908 साली हैदराबादेत जन्मलेले, उर्दू बोलणारे. 1948 नंतर ते पॅरिसला राहिले आणि 1959 मध्ये हा तर्जुमा छापून आला. खाला त्याच्यावरून अदबीने हात फिरवीत होत्या. सुरुवातीला त्यांच्याही तोंडून ‘माझी लीव्ह्र’ निघाली असेल का, असा पोरकट विचार आमच्या मनात आला.

परत आल्यावर मुस्लिम नाक्यावर तो मुलगा भेटला. आता रिक्षा चालवतो. ‘‘टीचर, बैठो ना,’’ म्हणाला. वाटेत फोनवर गिऱ्हाइकाशी सफाईदार मराठीत बोलत होता. त्या तासाचा विषय काढावा म्हणून आम्ही दोनदा तोंड उघडले. शाळेच्या फाटकाशी उतरलो, तर त्याने पैसेही घेतले नाहीत.