मुंबई-नागपूर : अंतर नेमके किती?

माझी थोरली बहीण नागपूरला दिली. लग्न ठरले तेव्हा आईने विचारले, "नागपूर किती लांब?" वडील म्हणाले, "एक रात्र आणि दोन वेळची भाकर." आईला तेवढे उत्तर पुरले. हाच प्रश्न परवा कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने केला, तेव्हा मात्र मला कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले.

नकाशावर दोन्ही शहरांमध्ये सरळ रेघ ओढली तर अंतर सुमारे ६८५ किलोमीटर भरते. विमान जवळपास याच रेषेने जाते व दीड तासात नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर उतरते. रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर होते. कारण गाडी कसारा घाट चढून इगतपुरी, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा उत्तरेकडून वळसा घेते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारे आपले हजारो लोक पिढ्यान्‌पिढ्या हाच वळसा ओळखतात.

तिसरा आकडा समृद्धी महामार्गाचा, ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा जून २०२५ मध्ये. दहा जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता विमानाच्या रेषेच्या अगदी जवळ आला, असे आकड्यावरून वाटते. पण वाचकहो, हिशेब नीट करा! हा रस्ता मुंबईत संपत नाही. तो भिवंडीजवळच्या आमणे येथे संपतो. तेथून दादर आणखी पन्नास-साठ किलोमीटर, आणि त्यात वाहनांची गर्दी. विमानाचेही तसेच. दीड तासाच्या उड्डाणासाठी दोन तास आधी पोहोचायचे, म्हणजे घरापासून घरापर्यंत पाच तास धरावे लागतात.

हे सर्व मला कळले ते एका रात्री. "ताईची तब्येत बरी नाही, निघा," असा फोन आला. रेल्वेचे आरक्षण मिळेना. सकाळच्या विमानाचे भाडे ऐकून आम्ही गप्प झालो. शेवटी पुतण्याने मित्राची गाडी आणली. इगतपुरीचा आठ किलोमीटरचा बोगदा पाहून आम्ही थक्क झालो. पण जालना मागे पडले आणि रस्ता संपेचना. ना वळण, ना गाव, ना माणूस. पुतण्याचे डोळे जड होत असल्याचे माझ्या लक्षात आले. १ जुलै २०२३ रोजी याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस प्रवासी गेले, ते मला आठवले. मी गाडी थांबवायला लावली. तोंडावर पाणी, चहा, अर्ध्या तासाची झोप, मगच पुढे निघालो.

ताई डोळे उघडून होती. "एवढ्या लवकर कसे आलात रे?" म्हणाली. आता ती बरी आहे.

सरळ रस्त्याने वेळ वाचतो, हे खरे. पण त्यातला अर्धा तास झोपेसाठी बाजूला ठेवा. दर दोन तासांनी थांबा. आपली वाट पाहणाऱ्याला आपण पोहोचलो पाहिजे, मग थोडा उशीर झाला तरी चालेल.